न विचारता दिलेलं मेज

१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सप्रेम सलाम. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, रागावू नकोस. आमच्या मागच्या गल्लीतली चार मजली इमारत जळाली. देवाच्या कृपेने माणसं सगळी वाचली, पण अंगावरच्या कपड्यांखेरीज कुणाकडे काही उरलं नाही. सात कुटुंबं सध्या आमच्या चर्चच्या हॉलमध्ये आहेत, मध्ये चादरी बांधून खोल्या केल्या आहेत. मी बाइंडिंगच्या कारखान्यातून सुटले की थेट तिकडे जाते. ह्यांची बसवरची पाळी संपली की हेही येतात.

पण मला लिहायचंय ते मुलांबद्दल. माझी मुलं हात आखडणारी होणार नाहीत, हे मी भिंगरी पाळण्यात होती तेव्हाच ठरवलंय. बाबांनी आपल्याला वाढवलं तसंच मी यांना वाढवणार. म्हणून दोघांना समोर बसवलं आणि म्हटलं, "नकोसं झालेलं द्यायचं नाही. सगळ्यात आवडतं ते द्यायचं." गोटूने लगेच चेंडू आणला. (त्यातली हवा गेली होती हे मला नंतर कळलं. पाच वर्षांचा आहे, सोडून दिलं.) भिंगरीने मात्र अर्धा तास कपाट उचकलं आणि आखूड झालेला फ्रॉक काढला. दहा वर्षांची घोडी!

"हा तुझा सगळ्यात आवडता?"

"नाही. पण हा देता येतो," म्हणाली.

मग मी तिला तुझी गोष्ट सांगितली. तशी दोघांना ती पाठ आहे. मामा अकरा वर्षांचा होता, काळ्या त्याच्या पायाशी झोपायचा, तरी नवरा वारल्यावर एकट्या पडलेल्या नर्सबाईंना त्याने आपला कुत्रा सोबतीला देऊन टाकला. आजोबा चर्चची झाडलोट करणारे, घंटा वाजवणारे, पण त्या रविवारी पाळकांनी त्यांना पुढे बोलावलं आणि त्यांनी सगळ्यांना सांगितलं, माझ्या मुलाने आपण होऊन दिला. भिंगरीने विचारलं, "मामा रडला नाही?" मी म्हटलं, "मुळीच नाही."

हॉलमध्ये एक पंधरा वर्षांची मुलगी आहे. मे महिन्यात तिची शाळेची शेवटची मोठी परीक्षा. बिचारी जमिनीवर पालथी पडून लिहिते, कोपरं सोलली आहेत. ते बघितलं आणि माझं ठरलं. दुसऱ्या दिवशी भिंगरी शाळेत असताना मी आणि हे तिचं मेज उचलून हॉलमध्ये ठेवून आलो. तेच, सुट्टीत ती तुझ्याकडे आली होती तेव्हा तुम्ही दोघांनी बनवलेलं, वरची फळी उघडणारं. त्या मुलीने माझे हात धरले आणि रडायलाच लागली.

रविवारी पाळकांनी भिंगरीचं नाव घेऊन तिला उभं केलं. सगळ्या माना मागे वळल्या. मला तर समोरचं दिसेना डोळ्यांतल्या पाण्याने. भिंगरी आपल्या पायांकडे बघत उभी होती, कौतुकाला ती लाजतेच.

तू खूश होशील म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिलं.

तुझी धाकटी

*

२० फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

पत्र मिळालं. आगीचं वाचून वाईट वाटलं. सोबत एका पेटीत दहा ब्लँकेटं पाठवतोय, होडीच्या कारखान्यातल्या सगळ्यांनी मिळून घेतली आहेत.

भिंगरीला मेजाबद्दल आधी विचारलं होतंस का? की ती शाळेतून आली आणि मेज नव्हतं? तुझ्या पत्रात ते नीट कळत नाही. त्या मेजाला तिने पंधरा दिवस पॉलिशपेपर मारला होता. बोटांची सालं निघाली तरी मला हात लावू देईना.

आणि एक. काळ्याची गोष्ट मुलांना सांगणं बंद कर.

एक मोठी होडी पाण्यात सोडायची आहे, घाईत आहे.

दादा

*

१६ मार्च

प्रिय दादा,

ब्लँकेटं पोचली. उबदार आहेत, सगळ्यांना सलाम सांग.

तुझा विनय मला माहीत आहे, म्हणून काळ्याचं तू लिहिलेलं मी मनावर घेत नाही. चांगली गोष्ट लपवून कुणाचं भलं होतं?

विचारण्याबद्दल म्हणशील तर, नाही विचारलं. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती! मुलांना औषध देताना आपण विचारतो का?

पण दादा, पोरगी बिघडत चालली आहे. घरात आपल्या प्रत्येक वस्तूवर तिने न पुसणाऱ्या पेनने नाव घातलंय. पाटीवर, कंगव्यावर, चमच्यावरसुद्धा. गोटूने तिचा खोडरबर घेतला तर तिने त्याच्या हातातून तो असा हिसकला की तो पडला. रविवारी मफलर सापडत नाही म्हणाली, मी शेजाऱ्यांकडून मागून आणला. मंगळवारी गादी उलटली तर खाली मफलर. "हॉलमध्ये कुणाला थंडी वाजत असेल तर तू देशील, म्हणून ठेवला," असं तोंडावर सांगितलं मला.

आणि काल तर कहर झाला. कागदाची घडी दाबायची माझी हाडाची पट्टी तुला आठवते का? ज्या म्हातारबाईंकडे मी काम शिकले त्यांनी जाताना दिलेली. मधोमध माझ्या अंगठ्याचा खळगा पडलाय तिच्यात, दुसऱ्या कुठल्या पट्टीने माझी घडीच बसत नाही. काल सकाळी पिशवीत पट्टी नाही. सगळं घर पालथं घातलं. भिंगरी जिन्यावर बसून पाहत होती. शेवटी म्हणाली, "मी दिली ती. हॉलमध्ये एक बाई कागदी पाकिटं करून विकतात, त्यांना घडी घालायला काही नव्हतं. तू घरी नव्हतीस."

मी तिच्या थोबाडीत मारली दादा. आयुष्यात पहिल्यांदा. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. पण सांग ना, माझी वस्तू, मला न विचारता, माझ्या पाठीमागे उचलून द्यायचा हिला काय अधिकार? देण्याचं कौतुक असलं म्हणून काय दुसऱ्याचं द्यायचं?

हे म्हणतात, जरा दमाने घे. मी दमाने घेणार नाही. मी हरणार नाही. ही मुलगी देणारी होईल, नाहीतर मी तिची आई नव्हे. तुझ्यासारख्या माणसाने तिला चार ओळी लिहिल्या तर फरक पडेल. काळ्याला देताना तुला आतून कसं वाटलं, तेवढंच लिही.

तुझी धाकटी

*

२४ मार्च

प्रिय धाकटे,

मला आतून कसं वाटलं ते लिहितो. पण भिंगरीला नाही, तुला. बसून वाच.

मी काळ्याला दिलं नाही.

त्या दिवशी शाळेतून आलो तर दोरी खुंटीला लटकत होती आणि पलीकडचं टोक मोकळं. मला वाटलं पळाला. नदीपर्यंत हाका मारत गेलो. अंधार पडायच्या वेळी परत आलो तेव्हा बाबा घंटेला तेल देत होते. म्हणाले, "नर्सबाई फार एकट्या पडल्या आहेत रे. मी त्यांना काळ्या नेऊन दिला. देवाला आवडेल." एवढंच. तू सहा वर्षांची होतीस, आत झोपली होतीस.

मी तीन दिवस जेवलो नाही. आईने पोट बिघडलं म्हणून शेजारी सांगितलं. रविवारी बाबा पुढे उभे राहून म्हणाले, माझ्या मुलाने आपण होऊन दिला. ते खोटं बोलले असं मला आजही म्हणवत नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांनी स्वतःचा कोट दिला, बूट दिले, एका पावसाळ्यात आपली खाट दिली. देताना आपलं कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं, हे त्यांना दिसायचंच नाही. मला एका कागदाएवढंही त्यांनी कधी विचारलं नाही.

उपासनेनंतर प्रत्येकाने माझ्या पाठीवर थाप मारली. मी मान खाली घातली आणि ती थाप घेतली. त्याबद्दल मला बाबांपेक्षा स्वतःचा राग जास्त येतो. तीस वर्षं मी ते कौतुक खातोय. तू प्रत्येक पत्रात वाढतेस आणि मी खातो.

नर्सबाईंच्या घरावरून मी शाळेला जायचो. काळ्या फाटकाशी यायचा. मी रस्ता बदलला.

आता मी कसा आहे ते ऐक. माझा रंधा मी कुलपात ठेवतो. कारखान्यातली पोरं माझ्यावर विनोद करतात की म्हातारा स्वतःची सावलीसुद्धा कुणाला उधार देणार नाही. ती ब्लँकेटं? सगळ्यांनी मिळून घेतली असं लिहिलं, पण मी सगळ्यांत शेवटी पैसे काढले, तेही फोरमन समोर उभा राहिला म्हणून. तू ज्याचं उदाहरण देऊन मुलं वाढवतेस तो हा माणूस आहे.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. त्यातलं एक वाक्य तुझंच तुला परत लिहितो: "माझी वस्तू, मला न विचारता, माझ्या पाठीमागे उचलून द्यायचा हिला काय अधिकार?" भिंगरीने हे वाक्य तुला चांगलं समजेल अशा भाषेत सांगितलं. तू तिला मारलंस.

हे आधी सांगायला हवं होतं. मागच्या पत्रात घाईत आहे म्हणालो. होडी तेव्हा आठ दिवस आधीच पाण्यात सोडून झाली होती.

दादा

*

२९ मार्च

दादा,

बाबा असं करणं शक्य नाही. ते आता उत्तर द्यायला नाहीत म्हणून तू काहीही लिहावंस? माझ्या मुलांना मी कसं वाढवायचं ते मी बघेन.

*

१७ एप्रिल

प्रिय दादा,

मागचं पत्र मी टपालपेटीत टाकलं आणि तिथेच उभी राहिले. पेटीत हात जाईना, नाहीतर परत काढलं असतं. मला माफ कर. दोरीचं वाचलं तेव्हाच मला पटलं होतं. खुंटीला लटकणारी ती मोकळी दोरी मला आठवते. तिचा झोका बांध म्हणून मी तुझ्यामागे लागले होते आणि तू माझ्या अंगावर ओरडला होतास.

तरी पटणं वेगळं आणि हलणं वेगळं. मी हलले ते पट्टीमुळे. कारखान्यात नव्या पट्टीने माझ्या घड्या बिघडत होत्या, मालक दोनदा बोलले. शेवटी मी हॉलमध्ये त्या पाकिटवाल्या बाईंकडे गेले आणि सरळ सांगितलं, ही माझी आहे, मुलीने न विचारता दिली, मला परत हवी आहे. तुला वाटेल मी मोठं मन करून म्हटलं असेल, असू द्या तुमच्याकडे. नाही म्हटलं. मी विकत घेतलेली दुसरी चांगली पट्टी त्यांना दिली आणि माझी घेतली. बाई म्हणाल्या, "अहो घ्या, मला काय, मी चमच्याने करत होते." अंगठा त्या खळग्यात बसला आणि इतकं बरं वाटलं दादा, की मी पायरीवरच बसले. माझी वस्तू मी मागून आणली आणि मला कणभर लाज वाटली नाही. आणि समोर चादरीपलीकडे भिंगरीचं मेज होतं.

मी घरी आले. भिंगरी आणि मी, दोघीच होतो. मी म्हटलं, "मेज मी दिलं नाही. तुझं चोरलं आणि दिलं. चर्चमध्ये तुला उभं केलं तेही खोटं होतं. आणि मामाने काळ्याला दिलं नव्हतं, आजोबांनी नेलं होतं. मला माहीत नव्हतं."

तिने टेबलावरचे पावाचे कण गोळा केले. मग म्हणाली, "मग परत आण."

मला वाटलं होतं ती म्हणेल, राहू दे. मनातून मी तेच मागत होते बहुतेक. म्हटलं, "अगं, त्या मुलीची परीक्षा आहे."

"माहीत आहे. मेज माझं आहे का नाही?"

"तुझं आहे."

"मग परत आण."

घर जळलेल्या माणसांकडे जाऊन दिलेली वस्तू परत मागायची! ह्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, दुसरं काहीतरी घेऊन दे हिला. पण नाही. मी चोरलं होतं, ते मीच परत करायला हवं होतं, आणि ते सोपं असतं तर त्याला काय अर्थ होता. दुसऱ्या दिवशी कामावरून थेट गेले. मुलीचे वडील, मुलगी, पाकिटवाल्या बाई, सगळ्यांसमोर सांगितलं. वडील म्हणाले, "आम्हाला वाटलं पोरीनेच दिलं." ती मुलगी मात्र म्हणाली, "मला ठाऊक होतं. ती एकदा आली होती. मेजावरून हात फिरवत उभी होती. मी म्हटलं, घेऊन जा. तर म्हणाली, मला एकटीला उचलत नाही." आणि तिने आपली पुस्तकं काढून खाली ठेवली. वडील आणि मी मेज उचललं. वडिलांनी ते माझ्या दारात टेकवलं आणि म्हणाले, "तुम्ही आलात हे बरं केलंत. माझी पोर ते वापरताना रोज घाबरत होती."

पाळक म्हणाले, रविवारी मी दोन शब्द सांगेन. मी म्हटलं, मीच सांगते. पुढे जाऊन पाच वाक्यं बोलले. आता काही बायका माझ्याशी बोलत नाहीत. एक तर मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "देऊन घेणारी." म्हणू दे.

मुलीसाठी मी कारखान्यातून पुस्तकं दाबून ठेवायची एक रुंद फळी मालकांना विचारून (विचारून!) आणली आणि दोन खोक्यांवर ठेवून दिली. जरा हलते, पण जमिनीपेक्षा बरी.

मेज भिंगरीच्या खिडकीशी आहे. तिने ते कुणाला दिलं नाही, कुणाला बसू दिलं नाही. गोटूलाही नाही. मी रोज बघते आणि जीभ चावून गप्प बसते. दादा, तिला देण्याचं शिकवणं मी सोडलेलं नाही. पण आता तिची वाट पाहायची, तिच्या वाट्याचं मी द्यायचं नाही, एवढं ठरवलंय. वर्ष लागलं तर वर्ष.

मी मारलं त्याची माफी मागितली. "ठीक आहे," म्हणाली. नुसतं ठीक आहे.

तू सगळं सांगितलंस त्यात तू कुणालाच काही देत नाहीस असं लिहिलंस. मला तसं वाटत नाही. तुझ्या तीस वर्षांतलं सगळ्यात जड काहीतरी तू मला दिलंस, आणि मी उलट तुझ्यावर भुंकले. सुट्टीत ये. येताना काही आणू नकोस.

तुझी धाकटी

ता. क. भिंगरी तुला स्वतः लिहिणार म्हणते. काय लिहिणार ते सांगत नाही. पाकीट मी उघडणार नाही.

*

२१ एप्रिल

प्रिय मामा,

सलाम. मी बरी आहे. गोटूला सर्दी आहे.

मला मेज करायचं आहे. माझं आहे ते नाही, दुसरं. त्या मुलीची परीक्षा वीस मेला सुरू होते. आईने तिला फळी दिली आहे पण मी बसून बघितलं, ती हलते आणि अक्षर वाकडं येतं. आईला बाइंडिंग चांगलं येतं पण लाकडातलं काही कळत नाही.

माझं मेज मी तिला देणार नाही. ते मी माझ्यासाठी केलं होतं. हे मी द्यायलाच करणार आहे, म्हणजे हे देताना मला काही होणार नाही. तिला अजून सांगितलेलं नाही.

मला हे पाहिजे:

फळ्या कापून. कापायला मला बाबा एकटीला करवत देत नाहीत.

चार पाय, आपल्या मेजापेक्षा चार बोटं उंच. ती लांब आहे.

दोन बिजागऱ्या आणि स्क्रू. मागच्या वेळी एक कमी पडला होता.

पॉलिशपेपर नको, माझ्याकडे आहे.

फळ्या गुळगुळीत करून पाठवू नकोस. ते मी करणार. आईने विचारलं मी मदत करू का, मी म्हटलं धरून ठेवायला चालेल. बाबांनाही धरून ठेवायला चालेल. गोटू फक्त बघेल.

मामा, तू रडला होतास का? आईला माहीत नाही, म्हणून तुला विचारते. तू नाही सांगितलंस तरी चालेल.

पार्सल लवकर टाक. मी हिशेब केला आहे, शाळेतून आल्यावर रोज दोन तास केलं तर अठरा दिवस लागतात. चांगलं झालं तर तिला देईन. वाकडं झालं तर दुसरं करायला वेळ उरणार नाही, मग वाकडं मी ठेवीन आणि माझं तिला देईन. वाकड्या मेजावर परीक्षेचा अभ्यास होत नाही.

पण हे आईला सांगू नकोस. ती लगेच चर्चमध्ये सांगेल.

तुझी भिंगरी